आधी नाव विसरा

एलिमेंटरी परीक्षेच्या सरावाला मी एकदा स्मरणचित्राचा विषय दिला होता, 'शेतावरचे दृश्य'. तासाभराने कागद गोळा केले. बहुतेक सगळ्यांवर दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून डोकं काढणारा सूर्य, डोंगरातून निघून थेट कागदाच्या खालच्या कडेपर्यंत येणारी नदी, नदीकाठी कौलारू झोपडी आणि तिच्याशेजारी नारळ. एकाने तर नदीत होडीही सोडली होती. वर्गाच्या खिडकीबाहेर काय होतं? सपाट माळ, ज्वारीचं रान, बांधावर दोन बाभळी, विजेचे खांब आणि लांबवर नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मालट्रका. हे सगळं मिरजगाव परिसरातलं, कर्जत तालुक्यातल्या अवर्षणी पट्ट्यातलं. इथल्या पोरांनी होडी पाहिली असेल ती टीव्हीवरच.

त्या गठ्ठ्यात एक कागद वेगळा निघाला. त्यावर पाण्याचा टँकर होता. टँकरच्या पाइपाला वेढा घालून बाया, हंडे, प्लास्टिकचे निळे ड्रम आणि एका कोपऱ्यात पाण्याचा सडा पडून ओली झालेली माती. कागद देताना पोरगा ओशाळून म्हणाला, "सर, डोंगर काढायचे राहिले." त्याला वाटत होतं आपलं चुकलं. तो कागद मी घरी नेऊन बराच वेळ पाहत बसलो. प्रमाण बिघडलेलं होतं, हंडे माणसांपेक्षा मोठे झाले होते. पण ओली माती कोरड्या मातीपेक्षा गडद दिसते, हे त्या पोराने पाहिलं होतं. बाकीच्यांनी काहीच पाहिलं नव्हतं, त्यांनी फक्त आठवलं होतं.

चित्रकला शिकू पाहणाऱ्याला, मग तो दहा वर्षांचा असो की निवृत्तीनंतर हौस म्हणून ब्रश हाती घेणारा, मी पहिली गोष्ट हीच सांगतो. आपला हात वस्तू काढत नाही, वस्तूचं नाव काढतो. 'झाड' म्हटलं की खाली दोन उभ्या रेघा, वर ढगासारखा हिरवा गोळा. 'डोळा' म्हटलं की मासा आणि मधे ठिपका. 'घर' म्हटलं की चौकोनावर त्रिकोण, भले आपण स्वतः आयुष्यभर पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात राहिलो असू. रोजच्या जगण्याला हे फार सोयीचं आहे. समोरून बैल आला की 'बैल' एवढं कळलं म्हणजे बाजूला व्हायला पुरतं, त्याच्या वशिंडाची सावली कुठे पडलीय हे पाहत उभं राहिलं तर शिंग लागेल. पण चित्र काढताना हीच सोय आडवी येते. म्हणून आधी नाव विसरायला शिकायचं.

कसं विसरायचं? उपाय सोपा आहे. घरातली बाज अंगणात तिरपी उभी करा आणि बाज काढूच नका. गात, माचवे, सुंभ हे शब्द मनातून बाजूला ठेवा आणि फक्त मधल्या मोकळ्या जागा काढा. दोन पायांच्या मधे जमिनीपर्यंत जो चौकोन सुटलाय तो खरंच चौकोन आहे का? नसतो. एक बाजू आखूड, एक कोन टोकदार, असा वेडावाकडा आकार असतो. त्याला नाव नसतं, त्यामुळे हाताला आठवायला काही सापडत नाही आणि डोळ्याला मुकाट्याने पाहावं लागतं. अशा पाचसहा मोकळ्या जागा नीट उतरल्या की मधे बाज आपोआप उभी राहते. शिडी, सायकल, गोठ्यात उभ्या गाईच्या चार पायांमधली जागा, चुलीवरच्या पातेल्याचा कान, सगळ्यांना हे लागू पडतं.

दुसरा उपाय भिंतीवरच्या कॅलेंडरचा. त्यावरचं चित्र उलटं धरा, डोकं खाली पाय वर, आणि उलटंच उतरवून काढा. अमेरिकेतल्या बेटी एडवर्ड्स या शिक्षिकेने 1979 च्या आपल्या पुस्तकातून हा व्यायाम जगभर नेला. मेंदूचा उजवा भाग आणि डावा भाग असं जे शास्त्र त्यांनी त्याला जोडलं, ते पुढे फारसं टिकलं नाही. व्यायाम मात्र टिकला, कारण उलट्या चेहऱ्यात नाक 'नाक' म्हणून ओळखू येत नाही, नुसती वळणं दिसतात. पहिल्यांदा करून सुलटं फिरवाल तेव्हा हे आपणच काढलं का, असं वाटेल.

आपल्याकडेही हा विचार जुनाच आहे. कामसूत्रावरच्या यशोधराच्या 'जयमंगला' टीकेत चित्राची सहा अंगं सांगितली आहेत, रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. परीक्षेसाठी ती पाठ करणारे पुष्कळ भेटतात. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. पहिला आहे रूपभेद, म्हणजे एका रूपाचा दुसऱ्या रूपाहून असलेला वेगळेपणा ओळखणं. रंग शेवटी येतो. आता बांधावर जाऊन रूपभेद करून पाहा. लिंबाचा पर्णभार दाट, खाली सावली गच्च. बाभळीची पानं बारीक, त्यामुळे तिची सावली चाळणीतून सांडल्यासारखी. खोड काळपट, उभ्या भेगांचं. शेंगा मण्यांच्या माळेसारख्या जागोजागी आवळलेल्या. त्यातही रामकाठी बाभूळ असेल तर ती पसरत नाही, झाडूसारखी सरळ वर जाते. एवढं पाहून झाल्यावर पुन्हा हिरवा गोळा काढून दाखवा बरं.

साहित्याविषयी. शहरातल्या दुकानातून महागडी पेटी आणल्याशिवाय चित्रकला सुरू होत नाही, हा गैरसमज आधी काढून टाका. 2बी आणि 6बी अशा दोन पेन्सिली आणि एक कोरी वही, एवढ्यावर वर्ष निघतं. त्याहून मोठी मजा कोळशात आहे आणि कोळसा घरी करता येतो. आंध्रातल्या श्रीकाळहस्तीचे कलमकारी कारागीर कापडावर पहिला आराखडा चिंचेच्या जळक्या काडीने करतात. चिंच आपल्याकडेही आहेच. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सरळ, वाळलेल्या काड्या घ्या, साल सोलून काढा, एखाद्या पत्र्याच्या डब्याच्या उंचीएवढे तुकडे करा आणि डब्यात उभे ठासून भरा. झाकण घट्ट लावा. झाकणाला खिळ्याने एक भोक मात्र पाडाच, नाहीतर आत वाफ कोंडून झाकण उडेल. डबा शेकोटीत ठेवा. थोड्या वेळाने भोकातून पांढरा धूर निघू लागेल. तो हळूहळू विरळ होत थांबला की चिमट्याने डबा बाहेर काढा, भोकावर चिखलाचा गोळा दाबा आणि विसरून जा. गरम असताना उघडायचा मोह झाला तर हवा लागून काड्या पेट घेतील आणि हाती राख येईल. माझे पहिले दोन डबे असेच गेले. लहान मुलं हे करणार असतील तर मोठ्या माणसाने शेजारी बसावं. चिंच नसेल तर तुराट्याही चालतात, त्यांचा कोळसा जरा ठिसूळ होतो इतकंच.

हा कोळसा गुळगुळीत कागदावर धरत नाही. किराणा दुकानातला खाकी कागद आणा, कारण त्यात एक गुपित आहे. खाकी रंग मधला असतो, ना गडद ना उजळ. कोळशाने सावली घालायची, शाळेतल्या पांढऱ्या खडूने उजेड, आणि मधलं सगळं कागदावर सोडून द्यायचं. निम्मं चित्र कागदच काढून देतो. खोडरबराऐवजी शिळ्या पावाचा गाभा बोटांनी मळून वापरा. पूर्वीचे चित्रकार हेच करत.

हा कागद-कोळसा-खडू घेऊन एकदा रेहेकुरीला जा. कर्जत तालुक्यातलं हे काळवीट अभयारण्य 1980 सालचं. आपल्याकडची माणसं तिथे जातात, 'हरीण दिसलं' म्हणतात आणि परत येतात. तुम्ही जरा थांबा. नर वरून काळा-तपकिरी, पोटाखाली पांढरा, डोळ्याभोवती पांढरं कडं, शिंगं पिळदार. तो लांबूनही उठून दिसतो. मादी मात्र वाळल्या गवताच्या रंगाची आणि तिचंही पोट पांढरं. ती उभी असते तिथेच, आपण बोट दाखवतो आणि शेजारचा म्हणतो, "कुठंय?"

असं का होतं, हे पहिल्यांदा नीट मांडलं ते एका चित्रकाराने. अॅबट थेअर या अमेरिकन चित्रकाराला हे ठाऊक होतंच की गोल वस्तूवर वरून उजेड पडला की वरची बाजू उजळ आणि खालची गडद होते, आणि या उजेड-सावलीमुळेच डोळ्याला गोलाई कळते. मग त्यांच्या लक्षात आलं की पुष्कळ प्राण्यांच्या अंगावर निसर्गाने याच्या बरोबर उलट रंग दिलाय, वर गडद आणि खाली फिका. सूर्य जी सावली पाडतो ती पांढरं पोट खोडून काढतं, गोलाई नाहीशी होते आणि प्राणी सपाट होऊन मागच्या गवतात विरतो. 1896 मध्ये पक्षिअभ्यासकांच्या सभेत त्यांनी हे दाखवलं ते चक्क रताळी वापरून. जमिनीपासून थोडी वर तारेवर बसवलेली रताळी, काहींची खालची बाजू पांढरी रंगवलेली. जरा लांब गेलं की साधी रताळी दिसत आणि रंगवलेली दिसेनाशी होत.

हा प्रयोग एकादशीला घरी आणलेल्या रताळ्यांवर करून पाहा आणि मग खाकी कागदावर तेच उलटं करा. वर्तुळ काढा, खाली कोळसा, वर खडू, मधे कागद. लाडू झाला. आता दुसऱ्या वर्तुळात वर कोळसा आणि खाली खडू घाला. तोच आकार खड्ड्यासारखा दिसेल किंवा सपाट तरी पडेल. छायाप्रकाशावरच्या जाड पुस्तकांतली चाळीस पानं या दोन वर्तुळांत संपतात. सावली कुठे किती गडद हे कळेना झालं तर डोळे किलकिले करा. बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि काळं, पांढरं आणि मधलं असे तीनच ढीग उरतात. आधी ते ढीग मांडा. पापण्यांचे केस मोजायला आयुष्य पडलंय.

चित्राच्या मांडणीसाठी एक जुनी लग्नपत्रिका घ्या, घरात त्यांना तोटा नसतो. तिच्या मधोमध आगपेटीएवढी खिडकी कापा आणि आठवडे बाजारात जा. एक डोळा मिटून त्या खिडकीतून पाहा. सगळा बाजार चित्रात मावत नाही आणि मावायलाही नको. कांद्याची रास, तराजूचं पारडं आणि पैसे मोजणारे दोन हात. चेहरा नसला तरी चालतो. खिडकी थोडी डावीकडे सरकवा, रास कडेला जाते, हात मधे येतात आणि गोष्टच बदलते. काय घ्यायचं यापेक्षा काय सोडायचं हे ठरवणं म्हणजे मांडणी. धुरंधरांची रेखाटनं मिळाली तर याच नजरेने पाहा. कोल्हापूरहून मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकायला गेलेले आणि पुढे तिथेच शिकवणारे रावबहादूर म. वि. धुरंधर (1867–1944) हे रस्त्यावरची, घाटावरची, बाजारातली माणसं सतत रेखाटत. ओझं डोक्यावर घेताना बाईची मान कशी ताठते, पदर कुठे ओढला जातो, हे त्यांना ठाऊक होतं, कारण ते त्यांनी हजारदा काढलं होतं.

आणि मांडणी कशी नसावी हे पाहायचं असेल तर चौकात मान वर करा, वाढदिवसाचा फ्लेक्स असतोच. चाळीस चेहरे, सगळे हसरे, सगळे हात जोडलेले. डोळा कुठेच ठरत नाही. पण हसण्यावारी नेऊ नका, त्यातही एक प्राचीन नियम आहे. नेता सगळ्यात मोठा, तालुक्याचे पदाधिकारी मध्यम, शुभेच्छुक पासपोर्ट फोटोएवढे. इजिप्तच्या थडग्यांतल्या भित्तिचित्रांत राजा असाच मोठा आणि नोकरचाकर त्याच्या गुडघ्याएवढे. चित्रातला आकार नेहमी डोळ्याला दिसतो तेवढाच नसतो, मानाप्रमाणेही असतो.

रंगाबद्दल थोडंच सांगतो, कारण रंग सांगून कळत नाही. पेटीतला काळा रंग सहा महिने बाजूला ठेवा. काळी माती काळी नसते. तपकिरीत निळा मिसळून पाहा, जवळ जाल. नांगरलेल्या ढेकळाची उन्हातली बाजू राखाडी-जांभळी असते, ओली झाली की वेगळीच. हुरड्यावर आलेली ज्वारी आणि काढणीनंतर रचलेली कडब्याची गंजी यांचा रंग एकाच रानातला असून दोन ऋतूंचा असतो. दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी लावून ठेवा.

आता दुसरी बाजू, चित्र समजण्याची. "हे कशाचं आहे?" हा आपला ठरलेला प्रश्न. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रासमोर तो हमखास निघतो. नागपुरात 1924 साली जन्मलेले गायतोंडे रोलर आणि सुरीने रंगाचे थर लावत, काढत, पुन्हा लावत. कॅनव्हासवर ना झाड ना माणूस, नुसता आतून उजळलेला रंग आणि त्यात तरंगणारे काही आकार. माणसं वैतागतात आणि म्हणतात, "आम्हाला यातलं काही कळत नाही."

कळतं हो. घरातली गोधडी काढा. आजीच्या जुन्या लुगड्यांचे थर, वर ठिगळं, आणि कडेपासून सुरू होऊन आत आत जाणारे धावदोऱ्याचे टाके. ती गोधडी कशाची आहे, असं आजवर कुणी विचारलं का? कुणीच नाही. ती उन्हात घातली की शेजारीण थबकते आणि म्हणते, "चांगली झालीय." का चांगली? हिरव्या नऊवारीच्या मोठ्या तुकड्याशेजारी लालाची एक बारीक पट्टी आहे म्हणून. तीच पट्टी रुंद असती तर अंगावर आली असती. टाक्यांनी कापड किंचित आवळलं जातं, त्याच्या बारीक लाटा होतात आणि सपाट रंगावर उजेड-सावली खेळू लागते म्हणून. आजीला हे शब्द ठाऊक नव्हते, पण तुकडा ठेवून, मागे सरकून, मान वाकडी करून तिने पाहिलं होतं आणि उचलून दुसरीकडे ठेवला होता. गायतोंडे दुसरं काय करत होते? फरक आहेच, आजीला ऊबही द्यायची होती. पण डोळ्याचं काम एकच. प्रभाकर बरवे यांच्या 'कोरा कॅनव्हास' या पुस्तकात एका चित्रकाराने आकार, अवकाश यांविषयी मराठीतच केलेला विचार आहे. ते मिळालं तर जरूर वाचा, सावकाश वाचा. पण त्याआधी गोधडी वाचा.

'विष्णुधर्मोत्तर' पुराणात वज्र राजा मार्कंडेयांकडे मूर्ती घडवायला शिकवा म्हणून जातो. ऋषी म्हणतात, त्याआधी चित्र कळलं पाहिजे. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गाणं. राजा बिचारा गाण्यापासून सुरुवात करतो. ही लांबण वाटेल, पण लेझमीच्या डावात कधी उभे राहिला असाल तर ठेक्याशिवाय पाऊल नाही आणि पावलाशिवाय शरीराची वळणदार रेघ नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती रेघ कागदावर येण्याआधी अंगात यावी लागते.

चित्र पाहायला लांब जायला नको. एसटीने नगरला निघालात तर सोलापूर रस्त्यालगतच फराहबाग आहे, 1583 मध्ये पुरा झालेला निजामशाही महाल, अष्टकोनी, एके काळी तळ्याच्या मधोमध उभा. आत कमानीखाली उभे राहा आणि दुपारभर भिंतीवरचा उजेड कसा सरकतो ते तीन वेळा रेखाटा. आणि याच नगरच्या दरबारात दख्खनी चित्रकलेच्या सुरुवातीचं एक मोठं काम झालं, 'तारीफ-इ-हुसेनशाही'. हुसेन निजामशाहाच्या स्तुतीचं हे सचित्र हस्तलिखित आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या काही चित्रांत राजाशेजारी राणी खुंजा हुमायूँ बसलेली होती. पुढे मुलाने, मुर्तजाने, 1569 मध्ये तिला कैदेत टाकलं, आणि चित्रांतली तिची आकृती पुसली गेली ती त्यानंतरच, असं अभ्यासक मानतात. या चित्रांच्या प्रतिमा पाहताना पुसलेल्या जागेकडे लक्ष द्या. चित्र समजणं म्हणजे जे आहे त्याबरोबर जे नाही तेही पाहणं.

शेवटी 'स्फूर्ती' या शब्दाबद्दल, कारण ती कुठून येते, हा प्रश्न प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी विचारतोच. मकबूल फिदा हुसेन जन्मले पंढरपूरचे. आई त्यांच्या अगदी लहानपणी गेली, तिचा चेहरा आठवत नाही ही खंत ते सांगत, आणि त्यांच्या कितीतरी चित्रांतल्या बायांना चेहराच नाही. हे वाचून स्फूर्ती म्हणजे मोठं दुःखच हवं असं समजू नका. तेच हुसेन मुंबईत आधी सिनेमाची पोस्टरं रंगवत होते, मोठाल्या फळ्यांवर. दुःख पुष्कळांना असतं. हात मात्र फळ्यांनी तयार झाला. तुम्ही रोज वीस मिनिटं एक वस्तू काढा. आज लसणाचा गड्डा, उद्या चप्पल, परवा झोपलेलं कुत्रं, ते उठून गेलं तर अर्धंच कुत्रं. पानाच्या कोपऱ्यात तारीख टाका. पान फाडू नका, बिघडलेलं तर मुळीच नको. शंभर पानं झाली की पहिलं पान उघडा.

आणि एक काम या आठवड्यातच करा. बोहारणीला देण्याआधी, किंवा गाडी पुसायला फाडण्याआधी, घरातली सगळ्यात जुनी गोधडी उन्हात पसरा आणि तिचा एक हातभर तुकडा रंगात उतरवून घ्या. चित्र काढताना सगळी नावं विसरा म्हणून मी इतका वेळ सांगितलं. पण ही गोधडी कुणी शिवली ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि चित्राच्या मागे त्या बाईचं नाव लिहून ठेवा. तिने स्वतः ते कुठेच लिहिलेलं नाही.